निन्पू कामुई गाइदेन (१९६९): दर भागात तेच घडतं. हा दोष, की हीच गोष्ट?

रातकिडा (धागाकर्ता)

पंधरा दिवस रोज रात्री जेवणं झाली की एक-दोन भाग, असं करत 'निन्पू कामुई गाइदेन' ही जुनी ॲनिमे (म्हणजे जपानी कार्टून) मालिका काल संपवली. एकूण २६ भाग. एप्रिल ते सप्टेंबर १९६९ मध्ये जपानच्या फुजी टीव्हीवर दाखवली होती. सान्पेई शिरातो यांच्या मांगावर, म्हणजे जपानी चित्रकथेवर, आधारलेली आहे. इथे ॲनिमे बघणारे बरेच जण आहेत, पण शोधून पाहिलं तर हिच्यावर एकही धागा नाही. म्हणून हा काढतोय.

कथा अशी. १७वं शतक, एदो काळ. कामुई जन्माने 'हिनिन'. 'हि' म्हणजे नाही आणि 'निन' म्हणजे माणूस. जातीचं नावच 'माणूस नव्हे' असं. त्यातून सुटायचं म्हणून तो निन्जांच्या टोळीत जातो. तिथेही माणसासारखं जगू देत नाहीत, म्हणून टोळी सोडतो. टोळी सोडून पळालेल्याला 'नुकेनिन' म्हणतात आणि त्याला शिक्षा एकच, मरण. मालिका सुरू होते तेव्हा तो पळतोच आहे आणि संपते तेव्हाही त्याचं पळणं संपलेलं नसतं.

चित्रं कमी, पैसा कमी, हे दिसतं. धावणारा कामुई तोच, मागची झाडं सरकतात. पण झटापट आली की श्वास अडकतो. त्याची तलवार आखूड आहे आणि ती कमरेला पाठीमागे आडवी खोचलेली. समोरच्याला मूठ दिसतच नाही, त्यामुळे डाव्या हाताने उपसणार की उजव्या, ते कळत नाही. दोघं एकमेकांकडे धावतात, एकमेकांना ओलांडून पुढे जातात आणि थांबतात. चित्र थिजतं. आवाज नाही. नुसता वारा. मग दोघांपैकी एक खाली बसतो. हे मी कितीदा पाहिलं असेल, तरी दर वेळी वाटायचं की आज कामुईच खाली बसणार.

आता माझा प्रश्न. साधारण प्रत्येक भागाची चाल एकच आहे. कामुई एखाद्या ठिकाणी येतो. कुणीतरी भाकरतुकडा देतं, आसरा देतं. तो माणूस खरंच प्रेमळ आहे की मारेकरी, हे त्याला ठरवता येत नाही. शेवटी एक तर तो माणूस मारेकरी निघतो, नाहीतर कामुईमुळे त्याचा जीव जातो. कामुई निघून जातो. दहाव्या भागापाशी मी कंटाळलो होतो हे कबूल करतो. विसाव्या भागापर्यंत मात्र त्याच चालीने मला पार धरून ठेवलं. हा मालिकेचा दोष आहे का? की भटक्या माणसाची गोष्ट अशीच असणार? ज्यांनी पाहिली असेल त्यांनी जरूर लिहा.

शेवचिवडा

पाहिली नाही. पण 'भाकरतुकडा देणारा मारेकरी आहे की नाही' एवढ्यावरच बघावीशी वाटतेय. वाचनखूण साठवली.

भटकभवानी

मी पाहिली आहे, आणि माझं मत स्पष्ट आहे: दोष. सलग बघितलं की चौथ्या-पाचव्या भागात शेवट आधीच कळतो. दुसरं म्हणजे बायका. कितीदा तरी एखादी पोर, एखादी विधवा, एखादी म्हातारी कामुईला जीव लावते आणि मरते, कशासाठी तर शेवटी कामुईने क्षितिजाकडे बघत उभं राहावं म्हणून. एकदा ठीक आहे, दोनदा ठीक आहे. सारखं सारखं झालं की त्या बायका माणसं न राहता त्याच्या दुःखाचं सरपण होतात. रातकिडा, चित्रांबद्दल तुम्ही लिहिलंय ते मात्र शंभर टक्के खरं. तो वारा माझ्याही कानात अजून आहे.

पेन्सिल

चित्रकार म्हणून दोन गोष्टी सांगते.

शिरातो १९३२ मध्ये तोक्योत जन्मले. वडील तोकी ओकामोतो चित्रकार, कामगार चळवळीतली चित्रं काढणारे. शिरातोंनी तरुणपणी कामिशिबाईची चित्रं काढली. कामिशिबाई म्हणजे सायकलवरून चित्रांच्या पाट्या घेऊन गल्लोगल्ली हिंडायचं, पोरं जमवायची आणि एकेक पाटी सरकवत गोष्ट सांगायची. त्यानंतर भाड्याने मिळणाऱ्या मांगा-पुस्तकांसाठी काम केलं. 'चित्र थिजतं आणि वारा वाहतो' हे रातकिडा म्हणतात ना, त्याची मुळं मला कामिशिबाईत दिसतात. पाटी स्थिर असते. हलतो तो सांगणाऱ्याचा आवाज. या मालिकेतही निवेदक मध्येच येऊन डाव समजावून सांगतो: हात कुठे होता, पाय कुठे होता. आजच्या प्रेक्षकाला तो व्यत्यय वाटतो. मला तो पाटी हातात धरलेला माणूस दिसतो.

दुसरी गोष्ट प्राण्यांची. शिरातोंना १९६३ मध्ये कोदान्शा प्रकाशनाचा बालमांगा पुरस्कार मिळाला तो 'सासुके' आणि सीटनच्या प्राणिकथांवरची मांगा या दोन्हींसाठी. त्यांचे कोल्हे, लांडगे, ससाणे नुसते शोभेला नसतात. शिकार करणारा आणि शिकार होणारा हे नातं त्यांनी आधी प्राण्यांत पाहिलं, मग माणसांत. कामुई झुडपात दबा धरून बसतो तेव्हा त्याची मान बघा. ती माणसाची मान नाही.

निशिकासाईकर

पेन्सिलताई, सुंदर प्रतिसाद.

मी बारा वर्षं तोक्योत आहे. या मालिकेबद्दल इथल्या माझ्या सत्तरीतल्या शेजाऱ्यांनी सांगितलेली एक गोष्ट ऐका, भटकभवानींच्या मुद्द्याशी तिचा संबंध आहे. मालिका लागायची रविवारी संध्याकाळी साडेसहाला. म्हणजे घरात सगळे असताना, जेवणाच्या आधी. आठवड्याला एक भाग. मग सहा दिवस शाळा, शेत, कारखाना. पुढच्या रविवारी कामुई पुन्हा येणार. तुम्ही बारा भाग दोन दिवसांत बघितलेत तर चाल टोचणारच. आठवड्याने बघणाऱ्याला ती ओळखीची वाटायची. दारावर ठरल्या वारी येणारा वासुदेव रोज नवीन गाणं म्हणत नाही, म्हणून कुणी तक्रार करत नाही.

आणि खरी गंमत पुढे आहे. सप्टेंबर १९६९च्या शेवटी कामुई संपली. पुढच्याच रविवारी, ५ ऑक्टोबरला, त्याच वाहिनीवर त्याच वेळेला सुरू झाली 'साझाए-सान'. बनवणारी मंडळीही तीच, त्या वेळची टीसीजे, म्हणजे आजची एइकेन. साझाए-सान म्हणजे आई-वडील, मुलगी, जावई, नातू, धाकटी भावंडं आणि मांजर एका छपराखाली. ती आजतागायत चालू आहे. जगातली सगळ्यांत जास्त वर्षं चाललेली कार्टून मालिका म्हणून तिची नोंद आहे. एका रविवारी घर नसलेला माणूस निघून गेला आणि पुढच्या रविवारी त्याच जागी घर येऊन बसलं. शेजारीण आजी म्हणाल्या, 'आम्हाला हायसं वाटलं, पण माझा भाऊ चिडला होता.'

शेवचिवडा

वासुदेवाचं उदाहरण फार आवडलं. आणि पन्नासहून जास्त वर्षं एकच कुटुंब! आपल्या दैनंदिन मालिकांच्या लेखकांना हे सांगू नका, त्यांना हुरूप येईल. 😀

जुनापुराणा

थोडं अवांतर, पण लागूच आहे. शेवटचं गाणं लक्ष देऊन ऐकलंत का? ते हिरोशी मिझुहारा यांनी गायलंय. जपानचा रेकॉर्ड पुरस्कार १९५९ मध्ये सुरू झाला, तेव्हाचा पहिलाच पुरस्कार या माणसाला मिळाला होता. खर्जातला, थकलेला, रात्री उशिरापर्यंत जागलेला आवाज. पोरांच्या कार्टूनला असा आवाज द्यायचं कुणाला सुचलं असेल, त्याला माझा नमस्कार. माझ्याकडे जुन्या तबकड्या आहेत, त्यांतलीच एक ऐकून मी या मालिकेपर्यंत पोचलो. चित्र नंतर पाहिलं, आवाज आधी भेटला.

सोलापुरी

रातकिडा, तुम्ही 'हिनिन'चा अर्थ लिहिलात आणि तिथेच माझं वाचन थांबलं. पुन्हा वर जाऊन वाचलं.

आमचं घर सोलापूरच्या सेटलमेंटमधलं. बाहेरच्यांना हे वस्तीचं नाव वाटतं. ते तारेच्या कुंपणाचं नाव आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे तो मुंबई इलाख्यातही आणला. ज्या जमाती भटकत होत्या त्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरवून कुंपणात ठेवलं. माझ्या आजोबांना हजेरी द्यावी लागे. कुंपणाबाहेर जायचं तर परवाना. १९५२ मध्ये सुटका झाली, म्हणून आम्ही ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतो.

मी जपानचं शोधून वाचलं. हिनिन आणि एता (ही तिथली दुसरी बहिष्कृत जात) ही नावं जपान सरकारने हुकूम काढून रद्द केली तेही १८७१ मध्ये. वर्ष तेच. तिकडे कागदावर शिक्का पुसला, इकडे कागदावर शिक्का मारला. ही मालिका मी पाहिलेली नाही. पण एवढं वाचल्यावर ती बघणं मला भाग आहे.

कागदीघोडा

सोलापुरी, तुमचा प्रतिसाद वाचून मीही थांबलो. एक सावधगिरी फक्त सुचवतो. दोन समाजांच्या रचना एकमेकांवर जशाच्या तशा ठेवता येत नाहीत. एता हे जन्माने ठरत, कातडं कमावणं, मेलेली जनावरं ओढणं अशी कामं त्यांच्याकडे. हिनिनांमध्ये जन्माने असलेले होते तसे शिक्षा म्हणून ढकललेलेही होते. उदाहरणार्थ प्रेमी जोडप्याने एकत्र आत्महत्येचा प्रयत्न केला आणि दोघंही वाचले, तर दोघांना हिनिन करत. काहींना परतही येता येई, त्याला 'पाय धुणं' म्हणत. ही फट आपल्याकडच्या जातीत नाही.

सोलापुरी

मान्य. मी तुलना करत नाही. फक्त वर्ष टोचलं. आणि 'पाय धुणं' हा शब्द तुम्ही दिलात त्याबद्दल आभारी आहे, तो आता डोक्यातून जाणार नाही.

निशिकासाईकर

सोलापुरी दादा, एक भर घालतो. १८७१च्या हुकुमाने नाव गेलं, वागणूक गेली नाही. १९२२ मध्ये क्योतोत सुइहेइशा ही संघटना त्यासाठीच उभी राहिली. आणि १९७५ मध्ये उघडकीला आलं की बुराकू वस्त्यांच्या, म्हणजे या जुन्या बहिष्कृतांच्या वस्त्यांच्या, पत्त्यांच्या याद्या कंपन्यांना गुपचूप विकल्या जात होत्या, नोकरीला येणारा कुठल्या वस्तीतला आहे ते तपासायला. म्हणजे कामुई टीव्हीवर येऊन गेल्यावर सहा वर्षांनी. माझ्या इथल्या सहकाऱ्यांमध्ये हा विषय निघाला की आवाज खाली येतो. मी दोनदा विचारून पाहिलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही.

पेन्सिल

म्हणूनच मूळ मांगाचं महत्त्व. 'कामुई गाइदेन' मधला 'गाइदेन' म्हणजे मूळ कथेच्या बाजूची कथा. ती १९६५ ते १९६७ मध्ये पोरांच्या साप्ताहिकात आली. मूळ 'कामुई-देन' मात्र 'गारो' मासिकात, १९६४ पासून १९७१ पर्यंत. कात्सुइची नागाई यांनी ते मासिक काढलं तेच मुळात या मांगाला जागा मिळावी म्हणून. त्यात कामुई एकटा नाही. शेतकऱ्याचा पोर शोसुके आहे, सामुराई र्यूनोशिन आहे, दुष्काळ, लगान, बंड सगळं आहे. त्या काळातले आंदोलन करणारे विद्यार्थी ते वाचत. चित्रांमध्ये शिरातोंच्या हाताखाली गोसेकी कोजिमा होते, ज्यांनी पुढे १९७० पासून बाप आणि लहानग्याची ती प्रसिद्ध सामुराई-मांगा काढली. तीही भटक्यांचीच!

ॲनिमेमध्ये समाजाचा पट गळला आणि उरला एकटा पळणारा माणूस. भटकभवानी म्हणतात ते बायकांचं दुबळेपण मला वाटतं इथून आलं. मूळ कथेत प्रत्येकाला गाव आहे. गाइदेनमध्ये गाव फक्त वाटेत लागतं.

भटकभवानी

हे मला पटलं. माझा राग मालिकेवरचा थोडा कमी होऊन रविवारच्या अर्ध्या तासावर गेला. पण राग आहे.

जुनापुराणा

शेवटचे भाग कुणाला आठवतात? समुद्राकाठचे? मला तिथे मालिका एकदम वेगळी वाटली. रंगसुद्धा मोकळे.

रातकिडा

जुनापुराणा काका, अगदी. त्याच भागांवरून १९७१ मध्ये 'त्सुकिहिगाई'च्या नावाने चित्रपट काढला होता. त्सुकिहिगाई हा खरा शिंपला आहे: 'त्सुकि' म्हणजे चंद्र आणि 'हि' म्हणजे सूर्य. एक झडप पांढरट, दुसरी तांबूस. मिटला की दोन्ही एकमेकांना चिकटलेल्या, उघडला की एक दिवस आणि एक रात्र. कामुईला पहिल्यांदाच एका जागी थांबावंसं वाटतं ते याच भागांत, मासेमारी करणाऱ्या कुटुंबात. शिरातोंनी स्वतः बोसो द्वीपकल्पात राहून कोळ्यांचं जगणं जवळून पाहिलं होतं. पुढे १९८०च्या दशकात त्यांनी समुद्राकाठची ही गोष्ट मांगा म्हणून नव्याने काढली. १९८७ मध्ये अमेरिकेत इंग्रजीत आलेल्या अगदी सुरुवातीच्या मांगांमध्ये कामुई होती, आणि २००९चा माणसांनी काम केलेला चित्रपटही याच गोष्टीवर आहे.

म्हणजे एवढ्या भटकंतीत लोकांच्या लक्षात राहिलं ते थांबण्याचं ठिकाण.

कोकणकडा

मी रत्नागिरीचा. शिंपल्याचं वाचून लगेच आईला विचारलं. ती म्हणाली असा दोन रंगांचा तिने पाहिला नाही, तिसऱ्या (आम्ही खातो त्या) दोन्हीकडून सारख्याच. एवढंच सांगायला आलो. 😀

कागदीघोडा

'कामुई' हा शब्द जपानी नसून ऐनू भाषेतला आहे, देव किंवा आत्मा अशा अर्थाचा. ऐनू म्हणजे उत्तरेकडचे, होक्काइदोचे मूळ रहिवासी. ज्याच्या जातीचं नाव 'माणूस नव्हे', त्याचं स्वतःचं नाव 'देव'.

सोलापुरी

आठ भाग बघितले. मुलाने जपानी-इंग्रजी कोश उघडून शेजारी बसून अर्थ सांगितले, त्याला वेळ लागला पण त्याने कंटाळा केला नाही.

एक डाव आहे बघा, इझुना ओतोशी. शत्रूला हवेत मागून कवटाळायचं, दोघंही उलटे, डोकं जमिनीकडे, आणि पडता पडता खाली तो, वर आपण. मुलाने ते तीनदा मागे घेऊन बघितलं. मला त्यात दुसरंच दिसलं. हा माणूस आयुष्यात कुणाला मिठी मारतो तर ती अशी.

भटकभवानी

सोलापुरी, हे वाक्य वाचून मी ती मालिका पुन्हा लावणार आहे. माझा राग घेऊनच.

पायवाट

मी नवीन सभासद आहे. धागा दोन दिवस वाचतोय, लिहू की नको असं चाललं होतं.

रातकिडा यांनी विचारलंय की दर भागात तेच घडतं हा दोष आहे का. मी बीडकडचा. माझे आई-वडील ऊसतोडीला जायचे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादम उचल द्यायचा, मग गाडी यायची, आम्ही भांडी-कुंडी, बकरी, गोधड्या घेऊन कारखान्यावर. पाचटाची कोपी. पाच-सहा महिने. पट्टा पडला की परत. मी आठ वर्षं असा गेलो, वेगवेगळ्या कारखान्यांवर. प्रत्येक ठिकाणी एक दोस्त व्हायचा. कोपीच्या शेजारी मळा असायचा, त्या मळ्यातल्या मालकाचा पोरगा, किंवा दुसऱ्या कोयत्यातला, म्हणजे दुसऱ्या तोडणाऱ्या जोडीचा. एका ठिकाणची म्हातारी मला रोज संध्याकाळी चुलीवरचा गूळ-शेंगदाणा द्यायची. तिचं नाव मी विचारलं नव्हतं. पट्टा पडला त्या दिवशी ती बाजाराला गेली होती, आम्ही निघालो.

पुढच्या वर्षी दुसरा कारखाना, दुसरा दोस्त. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. मला तेव्हा ते सारखं वाटलं नाही. आता तुमचा धागा वाचून कळतंय की बाहेरून बघणाऱ्याला ते सारखं दिसलं असतं.

मी मालिका पाहिली नाही. कामुई मारेकऱ्यांना भ्यायचा, आम्हाला तसं काही नव्हतं. पण आसरा देणाऱ्याच्या हाताकडे बघत राहायचं, हा उद्यापण देईल का, हे मला माहीत आहे.

शेवचिवडा

पायवाट, लिहिलंत ते फार बरं केलंत. इथेच राहा.

निशिकासाईकर

पायवाट, तुमचा प्रतिसाद मी बायकोला वाचून दाखवला. ती पाथर्डीची. तिने काही म्हटलं नाही, पण मघापासून फोनवर आईशी बोलतेय.

रातकिडा

पायवाट, माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. प्रश्नच चुकीच्या बाजूने विचारला होता. मी कामुईबरोबर चाललोच नव्हतो. मी वाटेच्या कडेला बसून त्याची फेरी मोजत होतो.

भटकभवानींचा मुद्दा मात्र माझ्या मते उभाच आहे. गूळ-शेंगदाणा देणारी म्हातारी दोन ओळींत आली, तरी ती पायवाट यांच्या दुःखासाठी आलेली नाही. ती बाजाराला गेली होती, तिला तिचं काम होतं. मालिकेतल्या बायकांना बाजाराला जाता येत नाही, उणीव तिथे आहे.

काल रात्री पहिला भाग पुन्हा लावला. आई शेजारी निवडणं घेऊन बसली होती. तिला जपानी येत नाही, ॲनिमे तिने कधी बघितलेली नाही. कामुई झाडांमधून पळत होता. मेथी निवडता निवडता तिने एकदा वर पाहिलं आणि विचारलं, 'हा जेवला का रे आज?'

मी भाग मागे घेऊन बघितला. जेवताना दाखवलेलं नाही.

भटकभवानी

आता प्रत्येक भागात मी तेच शोधणार. कुठे जेवतो, कोण वाढतं. सापडलं की इथेच लिहिते.

सोलापुरी

मीही. नवव्या भागापासून सुरू करतो.